करिष्माचे पाय

"आदल्या दिवशी तिनं काय खाल्लं होतं?" मी विचारलं.

"जिलब्या, पेढे. बधाईच्या घरचे," झुंबरबाई म्हणाल्या. "अन् सकाळी शिरा. तुपानं निथळता. मीच भरवला माह्या हातानं."

माझा पेन थांबला.

मी योगिनी. पूर्वी नर्स होते, आता एका डॉक्टरीणबाईंच्या संशोधनासाठी रक्ताचे नमुने घेते, फॉर्म भरते. तृतीयपंथी लोकांमधला थायरॉइड, त्यातून येणारा लुळेपणा आणि उदासी, असा विषय. दहा घरं फिरावीत तेव्हा नऊ घरी नुसता चहा मिळतो. मलकापुरातल्या या दोन खोल्यांत मात्र झुंबरबाई सगळं सांगायला बसल्या होत्या. त्या इथल्या गुरू. त्यांची चेली करिष्मा दोन महिन्यांपूर्वी गेली. अठ्ठावीस वर्षांची होती.

कुणाकडे मूल जन्मलं की बधाईला करिष्माच नाचायची. मग वर्षभरापूर्वी तिचे हात थरथरू लागले, अंगावरचं मांस उतरलं. नाचून आली, गोडधोड खाऊन झोपली, की सकाळी पाय हलायचे नाहीत. दुपारपर्यंत आपोआप चालायची. त्यामुळे कुणाचा विश्वासच बसेना. "नाटकं करून राह्यली," असं तिची गुरुबहीण काजलसुद्धा म्हणायची.

"डॉक्टरकडे नेलं नाही?"

"दोनदा नेलं. त्यानं हातबी लावला नाही. लांबूनच इचारलं, रडू येते काय? करिष्मा म्हने, हाव, लय येते. झालं! डिप्रेशनच्या गोळ्या देल्ल्या." झुंबरबाईंनी पदर सारखा केला. "खोटं नव्हतं बाई ते. भावाच्या लग्नाले नांदुऱ्याले गेलती, तर दारातूनच वापस पाठवलं. तवापासून रडतच होती. पन पाय काऊन हलत नाहीत, हे कोनी इचारलंच नाही."

त्या डॉक्टरला चार शिव्या हासडाव्यात असं वाटलं. एकदा रक्त तपासलं असतं तर पोरगी आज समोर बसली असती.

"मंग मीच इलाज केला. म्हनलं, अशक्तपना असन. शिरा, ग्लुकोजचं पानी. त्या सकाळी तर हातबी उचलत नव्हता. बस झालं म्हने. मी म्हनलं, पी, ताकद येते. दोन गिलास पाजले. अन् मंग श्वासच..." त्यांची नजर माझ्या फॉर्मवर गेली. "तू लिहून काऊन नाही राह्यली?"

खोटं बोलता आलं असतं. मी काही हरिश्चंद्राचा अवतार नाही. पण तेवढ्यात काजल चहा घेऊन आली आणि तिच्या हातात कपबशी खडखड वाजत होती. गळ्याची हाडं वर आली होती.

मग मी सांगितलं. थायरॉइड वाढला की कुणाकुणाच्या रक्तातलं पोटॅशियम एकाएकी उतरतं, हातपाय लुळे पडतात. अशा वेळी साखर पोटात गेली की ते आणखी उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं.

झुंबरबाईंनी पुढ्यातला चहा बाजूला सरकवला.

"म्हंजे माह्याच हातानं."

"तुम्हाला काय माहीत होतं, मावशी?"

"तिले माहीत होतं. बस म्हनत होती ना." मग त्यांनी काजलचा हात ओढून माझ्यापुढे धरला. "हिचं रक्त आत्ताच घे. अन् लिही. शिरा लिही, पानी लिही. कोन पाजलं तेबी लिही."

मी लिहिलं. मग काजलच्या दंडाला पट्टा बांधून रक्त घेतलं.

शेवटी सही राहिली. सहीच्या वर एक रकाना होता, मयत व्यक्तीशी नातं. बाकीच्या घरांत तिथं गुरू लिहितात. झुंबरबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"मले आई म्हने ते," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "अजूनबी लिहू काय तसं?"

मी हो म्हणाले. त्यांनी पेन कागदावर टेकवला आणि तशाच बसून राहिल्या.