खिळ्यावरचे स्केट्स

यंदा बर्फ काढायच्या दिवशी बाबांची किल्ली वेंडेलच्या गळ्यात होती.

मी ती लांबूनच ओळखली. रिंकच्या मागच्या खोलीची, पितळेची, बुटाच्या नाडीत ओवलेली. बाबा गावच्या हॉकी संघाचे कोच. ते फेब्रुवारीत गेले. त्यांचं सगळं मीच आवरलं. कपाट, औषधं, चष्मे, ट्रकच्या सीटखालचे शेंगदाण्याचे डबे. किल्ली कुठेच सापडली नाही, तेव्हा मी समजले की हॉस्पिटलात हरवली असणार. हरवली नव्हती. त्यांनी ती दिली होती, आणि मला दिली नव्हती.

आमच्या अल्डर मिल्समध्ये एप्रिल अर्धा झाला की हॉकीच्या रिंकवरचं बर्फ गोठवायचं यंत्र बंद करतात. दोन दिवसांनी सगळं गाव फावडी घेऊन येतं. बर्फ खरवडायचा, फोडायचा, ढकलगाड्यांतून मागच्या दारानं बाहेर टाकायचा. खालची सिमेंटची फरशी उघडी पडली की मुलं तिच्यावर लॅक्रोस खेळायला मोकळी. काठीच्या टोकाला जाळी, जाळीत रबरी चेंडू, आणि धक्काबुक्की हॉकीइतकीच. पण त्याआधी एक काम असतं. हॉकीच्या संघातलं प्रत्येक मूल आपल्या स्केट्सच्या नाड्या एकमेकींना बांधतं आणि मागच्या खोलीत आपल्या नावाच्या खिळ्याला जोडी अडकवतं. मग खोलीला कुलूप. ते उघडणार सप्टेंबरात. तोवर बर्फाचं नाव काढायचं नाही. लॅक्रोस खेळा, बेसबॉल खेळा, तळ्यात पोहा, झाडावरून पडा, असं बाबा म्हणायचे.

सप्टेंबरात निम्म्या मुलांना ते स्केट्स होतच नाहीत, पाय वाढलेले असतात. ते धाकट्यांना जातात. म्हणजे कुलूप काही स्केट्सना नसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणीही शहरातून दुसरी जोडी आणू शकतो. आजवर कुणी आणली नव्हती. बाबा दारात उभे असायचे, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती.

यंदा पेल्टियर दंतवैद्यानं आणली. त्याच्या अ‍ॅशलिननं जुनी जोडी मान खाली घालून खिळ्याला टांगली, आणि नवी गाडीत होती. ती जुलैभर शहरात राहून उन्हाळी हॉकी शिबिर करणार होती. गावात ही बातमी त्याच्या बायकोनंच सांगितली, दुकानात, सुस्कारा टाकून, जणू पोरीला काही आजार झालाय.

अ‍ॅशलिन आणि माझी टेस दोघी बारा वर्षांच्या. दोघी डाव्या बाजूला खेळतात. पुढच्या हंगामात जिल्ह्याच्या संघात डाव्या बाजूला पहिल्या फळीत एकच जागा आहे. गेल्या वर्षी दोघींमध्ये डावं-उजवं करणं कठीण होतं. अ‍ॅशलिन जरा वेगवान, टेस जरा चिवट. मी प्रत्येक सामना पाहिलाय, आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा वेळ मी अ‍ॅशलिनलाच पाहत होते. तिचं वळणं मला पाठ आहे. दुसऱ्याच्या मुलीचं इतकं बारकाईनं कुणी पाहू नये.

शिबिराचं मला कळलं त्याच आठवड्यात मी टेसचंही नाव घातलं. टेस दोन दिवस घरात उड्या मारत होती. म्हणून बर्फ काढायच्या शनिवारी तिची जोडी माझ्या खांद्यावर होती, आणि ती तिथेच राहणार होती.

टेस रिंकवर फावडं मारत होती. मी चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्शाचं पातेलं टेबलावर ठेवलं, पाव मांडले, आणि निघणार तेवढ्यात वेंडेल आला. एका पायावर जोर देत, नेहमीसारखा.

वेंडेल क्रू माझ्यापेक्षा वर्षानं मोठा. आठव्या वर्षापासून बाबांच्या हाताखाली खेळला, पुढे त्यांचा मदतनीस झाला, आणि आता संघ त्याच्याकडे आहे. मी लहान असताना मुलींचा संघ नव्हता. मी घड्याळाच्या खोलीत बसून गुण लावायची. काचेतून मला बाबांची पाठ दिसायची आणि त्यांच्यासमोर बाकावर वेंडेलचं तोंड. बाबा गेले त्या संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक दारात हॉकीची काठी उभी होती. आमच्याकडे खेळातलं माणूस गेलं की तसं करतात. माझ्या दारात टेसची काठी होती, दुकानातली. वेंडेलच्या दारात जुनी लाकडी होती, बाबांनी स्वतःच्या हातानं टेप गुंडाळलेली. लोक त्याच्या दाराशी जरा जास्त वेळ थांबत होते.

तो म्हणाला की सगळ्यांची जोडी आली, एक टेसचीच राहिली. मी म्हटलं की तिची यंदा येणार नाही.

"पेल्टियरसारखी दुसरी घे की," तो म्हणाला. "ही टांग, ती गाडीत ठेव. मी काय गाड्या तपासत हिंडतो?"

"मला चोरून करायचं नाही."

"हे बरंय. म्हणजे चोरी नको, सरळ दरोडा."

आसपासचे दोघंतिघं हसले. मला हसू आलं नाही. मी म्हटलं की तो नियम माझ्या वडिलांचा होता आणि माझे वडील आता नाहीत. आणि ते असते तरी नातीसाठी त्यांनी एकदा कानाडोळा केला असता.

वेंडेलनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "चल, जरा आत ये."

स्केट्सच्या खोलीत ओल्या चामड्याचा वास होता. भिंतभर जोड्या लटकत होत्या, पाती भिंतीकडे. टेसचा खिळा रिकामा होता. वेंडेल बाकावर टेकला आणि त्यानं पाय लांब केला. तो म्हणाला की कोचनी हे कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं, आणि इतकी वर्षं त्यानं सांगितलं नाही.

"हा नियम कशामुळे आला असं तुला वाटतं?"

मी म्हटलं, पोरांनी उन्हाळ्यात दुसरंही काही खेळावं म्हणून.

"मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा आला. त्याआधी असलं काही नव्हतं."

मग त्यानं सांगितलं. तो सोळा वर्षांचा होता तेव्हा मोठ्या संघांची माणसं त्याला बघून गेली होती. बाबांनी ठरवलं की हा पोरगा उन्हाळ्यातही बर्फ सोडणार नाही. शहरात बारमाही रिंक होतं. दर मंगळवारी आणि गुरुवारी बाबा त्याला ट्रकमधून तिथे नेत. गावात इतर पोरांच्या आईबापांना राग येऊ नये म्हणून घरी सांगत की यंत्राचे सुटे भाग आणायला जातोय. त्या वर्षी वेंडेल एकही दिवस लॅक्रोस खेळला नाही, एकदाही पोहला नाही. डिसेंबरात त्याच्या खुब्यानं दगा दिला. गाव समजतं की सामन्यात धडकेनं झालं. धडक झालीच नव्हती. तो सरळ चालला होता, मोकळ्या बर्फावर. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरनं बाबांना एकच विचारलं होतं, या पोराच्या पायातून स्केट्स शेवटचे कधी निघाले.

"कोच उत्तर देऊ शकले नाहीत," वेंडेल म्हणाला. "दुसऱ्या दिवशी इथे येऊन त्यांनी हे खिळे ठोकले."

मला त्याच्या खुब्याचं वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलंही, पण नंतर, घरी गेल्यावर. त्या क्षणी माझ्या मनात तो ट्रक होता. जायचे दोन तास, यायचे दोन तास, सबंध उन्हाळा. यंत्राचे सुटे भाग. मी पंधरा वर्षांची होते, आणि मी पायरीवर बसून त्या ट्रकची वाट बघायची.

"गाडीत काय बोलायचात तुम्ही?" मी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही. "कशाबद्दल?"

"कशाबद्दलही."

"फारसं काही नाही. रेडिओवर बेसबॉल लावायचे. वाटेत एका बाईच्या बेकरीत बटर टार्ट घ्यायचो. येताना मला चालवायला द्यायचे कधीकधी. हायवेवर नाही, आतल्या रस्त्यानं."

त्या उन्हाळ्यात मी त्यांना तीनदा म्हटलं होतं की मला गाडी शिकवा. ते म्हणाले होते, वेळ नाही. पुढे मला मामानं शिकवलं.

हे मी वेंडेलला सांगितलं नाही. त्याला काय दोष द्यायचा? त्याच्या वाट्याला माझे बाबा आले आणि त्यांच्याबरोबर हा पायही आला. तरी मला त्याचा हेवा वाटत होता, पायासकट. तो बाकावरून उठताना भिंतीला हात लावून उठला, दोन टप्प्यांत, म्हातारा माणूस उठतो तसा. पन्नाशीही नाही त्याची. उठता उठता त्यानं मला विचारलं की टेसच्या मांडीच्या सांध्यात कधी दुखतं का.

मला आठवलं, मार्चमध्ये ती जिना चढताना कठड्याला धरून थांबली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, काही नाही, वाढतेय मी. आणि मी ते ऐकून सोडून दिलं होतं, कारण त्याच आठवड्यात अ‍ॅशलिननं तीन गोल केले होते आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मी खांद्यावरची जोडी काढली. वेंडेलनं हात पुढे केला. मी त्याच्या हातात दिली नाही. मीच खिळ्याला अडकवली, पाती भिंतीकडे करून. मग त्याला म्हटलं, किल्ली दे, कुलूप मी लावते. त्यानं काही न विचारता नाडी डोक्यावरून काढली. किल्ली त्याच्या अंगानं कोमट झाली होती. कुलूप लावून मी ती परत केली. ठेवून घ्यावी असं वाटलं नाही असं नाही. पण दिली त्याला होती.

टेसला मी गाडीत सांगितलं. शिबिर नाही, आधी डॉक्टरला दाखवायचं, मग लॅक्रोस. ती रडली नाही. तिनं खिडकीची काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. अंगणात गाडी थांबवली तेव्हा म्हणाली, "तू हे आजोबांसाठी केलंस."

"नाही."

"मग वेंडेलनं काहीतरी सांगितलं."

मी म्हटलं, सांगितलं, आणि ते तुलाही सांगेन, पण आज नाही. ती ऐकत नव्हती. तिचं गणित वेगळं चाललं होतं, आणि ते मला तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं, कारण तो चेहरा माझाच होता.

"सप्टेंबरात अ‍ॅशलिन माझ्या पुढे असेल," ती म्हणाली.

"असेल."

"खूप पुढे."

"कदाचित."

"आणि तू तिथे बाकावर बसून बघशील. तुला चालेल ते?"

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. बाबांसारखं, सरळ डोळ्यांत.

"नाही," मी म्हणाले. "अजिबात चालणार नाही."

ती दार उघडून उतरली आणि पायऱ्या चढू लागली, कठड्याला हात न लावता, मी बघतेय हे माहीत असल्यासारखी.