नखाएवढ्या कार्डातली आई

कैलासला घरातली प्रत्येक दुरुस्ती यायची, फक्त एखाद्या गोष्टीची कॉपी करून ठेवणं तेवढं जमायचं नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तो मेंटेनन्सला होता. हा नुसता दारात उभा राहिला तरी बंद पंप चालू होतो, अशी तिथे त्याची चेष्टा चालायची. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेलवलीच्या घरात आईचा डबा मुका झाला आणि या गड्याचे हातपाय गळाले.

डबा म्हणजे आईचा आवाज. दीड वर्षापूर्वी आईच्या, बकुळाबाईंच्या, घशाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता, स्वरयंत्रच काढावं लागलं. त्याआधी दोन संध्याकाळी कैलासने त्यांना समोर बसवून रोजची बोलणी फोनवर रेकॉर्ड करून घेतली. मग एक छोटा, एकाच सर्किटच्या पट्टीवर मावणारा कॉम्प्युटर, एक स्पीकर आणि सोळा बटणं स्टीलच्या जुन्या डब्यात बसवली. बटण दाबलं की बाईंच्याच आवाजात ‘पानी दे’ किंवा ‘कोन आला रं?’ ऐकू यायचं. शेजारीणबाई तर पहिल्या दिवशी बाईंचा आवाज परत आला असं समजून साखर घेऊन धावत आल्या होत्या.

तो फोन पुढे एक्स्चेंजमध्ये गेला. कार्डाची कॉपी उद्या काढू, रविवारी काढू, असं करता करता राहूनच गेली. बाईंचा आवाज आता सगळ्या जगात एकाच जागी होता, त्या कॉम्प्युटरमधल्या नखाएवढ्या मेमरी कार्डात.

दसऱ्याला डब्याला सुट्टी होती. पूजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, हा बाईंचा कायदा. कैलास कंपनीच्या पूजेला गेला होता, तोवर त्यांनी त्याचे पाने, स्क्रूड्रायव्हर आणि आपला डबा देवापुढे पाटावर मांडून पूजा उरकली होती. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही. लाल दिवा लागत होता, म्हणजे वीज पोचत होती. पण कार्ड वाचायला लागलं की शेजारचा हिरवा दिवा लुकलुकायला हवा, तो काही केल्या लागेना.

कैलासने चार्जर बदलला, वायर बदलली. मग दुसऱ्या एका कार्डावर कॉम्प्युटरचा प्रोग्राम चढवून ते आत घातलं, तर हिरवा दिवा लगेच नाचायला लागला. म्हणजे कॉम्प्युटर ठणठणीत होता आणि रोग जुन्या कार्डात होता. ते त्याने लॅपटॉपला लावलं. लॅपटॉपने कार्ड लावल्याचीसुद्धा दखल घेतली नाही. कार्ड मेलं असेल तर आई दुसऱ्यांदा मुकी झाली, आणि या खेपेला दोष डॉक्टरचा नाही, कॅन्सरचा नाही, आपल्या आळसाचा आहे, हे त्याला लख्ख कळलं.

सकाळपासून बकुळाबाई त्याची बाही ओढत होत्या. देव्हाऱ्याकडे हात करायच्या, करंगळीशेजारचं बोट कपाळाला लावायच्या, मग तेच बोट डब्यावर टेकवायच्या. लिहून सांगावं तर त्यांचं लिहिणं सहीपुरतंच. कैलासला वाटलं, आई देवाला हात जोडायला सांगतेय.

“जोडतो गं आई नंतर,” तो म्हणाला, “आधी हे बघू दे.”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. आईचं रडणं बघवेना, म्हणून कैलासने डबा पिशवीत घातला आणि बाइकला किक मारली.

उल्हासनगरात जयदेव या सिंधी मित्राचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान कपाटाएवढं होतं, पण कंपनीतली पोरं हरली की त्याच्याकडेच यायची. कैलासने कार्डात काय आहे ते सांगितलं. जयदेवने एरवीची बडबड बंद केली, कार्ड चिमट्यात धरलं आणि भिंगाखाली बघत राहिला. कैलासने स्टुलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

“साईं,” जयदेव शेवटी म्हणाला, “इसकी पूजा किसने की?”

सकाळच्या घाईत कैलासने कार्ड उलटून बघितलंच नव्हतं, ते त्याने आता भिंगातून पाहिलं. कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्यांवर पिवळसर लाल साय वाळून बसली होती. ओलं हळद-कुंकू. आणि आईचं ते बोट त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तुझा आवाज या कार्डात आहे, असं त्यानेच तिला दहादा काढून दाखवलं होतं. मग पूजा करायची तर नुसत्या डब्याची कशी करणार ती? तिने कार्ड काढलं, आवाजाला कुंकू लावलं आणि शिकवल्याप्रमाणे नीट परत बसवलं.

जयदेवने शाळेतल्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने घासल्या, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि कार्ड आत सरकवलं. हिरवा दिवा लुकलुकला. कैलासने पहिलं बटण दाबलं आणि ‘पानी दे’ असा आवाज आला. जयदेवने भाबडेपणाने बाटली पुढे केली. कैलास हसायला गेला आणि रडलाच, हमसून हमसून, गिऱ्हाइकांसमोर. जयदेवने तिथल्या तिथे तीन कॉप्या काढल्या आणि एक आपल्या गल्ल्यात ठेवून घेतली, कारण तुझा भरवसा नाही म्हणाला.

घरी आल्यावर कैलासने डबा आईच्या मांडीवर ठेवला. हिरवा दिवा दिसला तशा त्या तोंडाला पदर लावून आवाजाविना हसल्या, खांदे गदागदा हलेपर्यंत. कैलासने सांगायला सुरुवात केली की कुंकवाने तसं फार काही बिघडलं नव्हतं, फक्त पट्ट्यांवर थर आल्यामुळे वीज...

बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि सोळावं बटण दाबलं.

“मेल्या, कवातरी आयचा ऐकत जा.”

बाईंनी तेच बटण आणखी दोनदा दाबलं आणि तो मान खाली घालून, मनापासून ऐकत राहिला.