ताम्हनातले तारे

कड्यावरच्या मठात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध जमिनीवर ताम्हनभर पाणी, आणि कुणी हात न लावता ते थरथरत होतं. रत्नागिरीत बुवा येतात नि जातात. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि त्यांचं ढोंग उघडं पाडून पार कंटाळलोय. पण शेजारची सगुणा आपल्या चिमाला मांडीवर घेऊन तिथं बसली होती. पोरीला घटसर्प झालेला, श्वास घरघरत होता. म्हणून गेलो.

"दोन काळे तारे," बुवा सांगत होते, "दिवसाही असतात, दिसत नाहीत एवढंच. एकमेकांभोवती फिरतात आणि भिडतात. त्यांची लाट थेट या ताम्हनात उतरते. लाट चालू असताना रोग्यानं उंबरा ओलांडला, की संपलं."

थकवा येतो तो याचाच. जड तारे असे फिरले तर अवकाशात लाटा उठतील, असं विलायतेतले शास्त्रज्ञ मांडतात. वाचनालयातल्या मासिकात आलं होतं. बुवांनी तेवढंच उचललं. त्या लाटा इतक्या क्षीण, की मोजायच्या कशा हे शास्त्रज्ञांनाही ठाऊक नाही, ते मात्र गाळलं.

"सगुणे, ऊठ. दवाखान्यात ने तिला."

"पानी थांबल्याबिगर कशी नेव, मास्तर? माझी येकच हाय."

वाद घालायला वेळ नव्हता. आढ्याला दुधाचं रिकामं शिंकं टांगलेलं होतं. मी ताम्हन उचलून त्यात ठेवलं. झोका थांबला आणि पाणी निवांत झालं. खाली ठेवलं, पुन्हा थरथर.

"बुवा, तुमच्या ताऱ्यांना शिंकं अडवतं का हो?"

"तुझ्या हाताचा विटाळ झाला."

"मग जमिनीवर ठेवताच विटाळ गेला?"

बुवा जपमाळ ओढू लागले.

"हलतेय ती जमीन," मी लोकांना म्हणालो. "कड्याच्या पोटात गुहा आहे. भरतीच्या लाटा आत आपटतात. ओहोटीला हे पाणी हलतं का, आठवा."

भागोजी तांडेलाचा सगळा जन्म होडीवर गेलेला. त्यानं मान खाली घातली. "न्हाय हलत. पन हितं बसलं की दर्या ध्यानातच येत न्हाय."

सगुणा तोवर उठली होती. भागोजीनं पोरीला खांद्यावर घेतलं आणि दोघं उतरणीला लागली.

"मास्तर, मग भरती आनतो कोन?" कुणीतरी विचारलं.

"चंद्र."

लगेच दोघा-चौघांनी आभाळाकडे हात जोडले. मला रागही आला नाही.

"जोडा," मी म्हणालो. "पण पाणी हललं की आधी खालची जमीन बघा. आणि पोर घरघरत असेल तर आधी तिला उचला. हात मागाहून जोडता येतात."