निर्मळ अर्काची पळी

आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस गुरुवार होता. एकोणीसशे एकोणऐंशीचा नोव्हेंबर. हिंगणघाटात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, पण त्याहून मोठी रांग ताराचंद महाराजांच्या टिनाच्या शेडपुढे होती. तिच्यात माझे वडील लक्ष्मणराव उभे होते आणि त्यांच्यामागे मी, त्यांची थैली धरून.

"पोट म्हंजे काय?" महाराज विचारत होते. "पोट म्हंजे वर्ध्याचं टेसन. एक मालगाडी अडली का साऱ्या गाड्या आउटरले उभ्या. गुडघा दुखते? पोट. झोप नाई? पोट. सून आयकत नाई? पोट."

"थेही पोटच का, महाराज?" कोणीतरी मागून विचारलं.

"तुहंच पोट. थे जळते म्हनून तू तिच्यावर खेकसतं."

लोक हसले. बाबाही हसले. पोट दुखायला लागल्यापासून, सहा महिन्यांत, मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्यांचा नंबर आला. महाराजांनी पितळी घागरीतून काचेच्या लहान गिलासात अर्धा गिलास पाणी ओतलं. स्वच्छ, आरपार दिसणारं. पपईच्या देठाची पोकळ नळी बाबांच्या हातात दिली.

"फुका, लक्ष्मणराव. बेंबीच्या देठापासून फुका."

बाबा फुंकत राहिले. बुडबुडे आले आणि पाणी हळूहळू पांढरं झालं, तांदळाच्या धुवणासारखं.

"पाह्यलं? हे तुमच्या पोटातलं विष." मग महाराजांनी बाटलीतल्या आपल्या औषधाची, निर्मळ अर्काची, एक पळी त्या पाण्यात सोडली आणि ढवळलं. पाणी पुन्हा आरपार झालं, नुसती पिवळसर झाक राहिली. "जे गिलासात झालं, थेच पोटात होईन." शेवटी त्यांनी शेजारच्या तांब्यातून स्वतःसाठी पाणी घेतलं आणि त्यात फुंकलं. पाणी तसंच राहिलं. लोकांनी हात जोडले.

बाबा चाळीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. व्यापारी गाडीत वर कोरडा कापूस ठेवून आत पाणी मारलेला भरत. बाबा वरच्या कापसाकडे बघतच नसत. बाही सारून कोपरापर्यंत हात गाडीच्या पोटात घालत, मूठभर कापूस ओढून काढत आणि मग बोलत. त्यांना कोणी फसवलं, असं हिंगणघाटात कोणी म्हणणार नाही. म्हणूनच त्यांचा स्वतःच्या पारखीवर फार विश्वास होता.

परतताना ते म्हणाले, "सुले, उद्याचा फोटो राहू दे आता."

दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या दवाखान्यात बेरियम पाजून त्यांच्या पोटाचा एक्स-रे फोटो काढायचा होता. तारीख महिन्यानं मिळाली होती. त्यांचा भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरच दगावला होता, तेव्हापासून त्यांना दवाखान्याची धास्ती होती.

"तुले काय वाटते?" त्यांनी विचारलं. "तू सायन्सवाली."

माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं. ते मी गिळलं. म्हटलं, "तुमाले बरं वाटते ना, मंग झालं."

त्या दुपारी बाबांनी दोन भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. आई दारामागे जाऊन डोळे पुसून आली.

पुढचे दिवस साधे नव्हते. ते आम्हांला कळलं नाही, एवढंच. सकाळ-संध्याकाळ ते एक पळी अर्क घेत. कडू इतका, की घेतल्यावर त्यांचे खांदे आखडत. आठवड्यानं त्यांची शी डांबरासारखी काळी होऊ लागली. महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं की काळा मळ निघेल. बाबा खुश झाले. "विष निघून राह्यलं," म्हणाले.

सतराव्या दिवशी त्यांना रक्ताची उलटी झाली. जीपमधून वर्ध्याला नेलं. त्याच संध्याकाळी ते गेले.

डॉक्टरांनी मी दाखवलेली अर्काची बाटली हुंगली, थेंब जिभेला लावला. "काडेचिराईत, लिंबू आणि मोहाची दारू. काडेचिराईतानं भूक लागते, त्यात खोटं काही नाही. साध्या अपचनात माणसाला बरंही वाटतं. पण यांच्या पोटात जखम होती, आणि तिच्यावर रोज दारू पडत होती. काळं जे जात होतं ते रक्त होतं, बाई. जुनं रक्त."

तेरवी झाली. पुढच्या गुरुवारी मी शेडमध्ये गेले. बरोबर शेजारच्या तानाबाई आणि त्यांची सात वर्षांची नात गुलाब. जिनिंगमधले बाबांचे सोबती रूपराव काका आधीच तिथे होते, पोट धरून, नंबर लावून.

"या ताई," महाराज म्हणाले. "आयकून लई वाईट वाटलं. पथ्य मोडलं असन त्याइनं."

"मोडलं नाही. या मुलीला फुंकू द्या."

गुलाबनं गाल फुगवून फुंकलं. पाणी पांढरं झालं.

"हिच्या पोटात कसलं विष?" मी विचारलं.

"मायच्या दुधातून येते ताई. पिढीजात."

तानाबाई खवळल्या. "माह्या सुनेच्या दुधाले नावं ठेवतं का रे?"

"आता तुम्ही फुंका," मी महाराजांना म्हटलं. "तांब्यातल्या पाण्यात नको. घागरीतल्या."

"आपलं पोट निर्मळ हाय, साऱ्याइनं पाह्यलं."

"मंग फुका ना," रूपराव काका म्हणाले. "भेव कायचा?"

"घागर रोग्याइची हाय. मी त्यात फुकलो तं अर्काचा गुन जाते."

रूपराव काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग घागरीकडे. मग त्यांनी बाही सारली आणि कोपरापर्यंत हात घागरीत घातला. बाबा घालायचे तसाच. हात वर आला तेव्हा बोटांवर पांढरा, चिकट गाळ होता. त्यांनी तो तळव्यावर अंगठ्यानं मळला. तिथला प्रत्येक पुरुष दिवसातून दहादा तंबाखू मळतो, तसाच.

"हा तं चुना हाय बाप्पा," ते म्हणाले.

मी सांगितलं ते आठवीच्या पुस्तकातलं होतं. चुना पाण्यात कालवून ठेवला की वर निवळी येते, ती साध्या पाण्यासारखी दिसते. कोणाचाही श्वास तिच्यात गेला की ती पांढरी होते, रोग्याचा असो की पहिलवानाचा. आंबट घातलं की पुन्हा आरपार. अर्कात लिंबू आहे. महाराजांच्या तांब्यात साधं पाणी आहे. मी घरून आणलेली निवळी थैलीतून काढली, फुंकलं, लिंबू पिळलं. तेच झालं.

"पन मले फरक पडला ना," रूपराव काका हळूच म्हणाले.

"पडला असेल, काका. भूक लागली असेल. पण आत काय आहे ते या गिलासात दिसत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जावं लागतं. आणि काळी शी झाली तर त्याच दिवशी. माझ्यावर विश्वास ठेवू नका. चुना सगळ्यांच्या घरी आहे, लिंबू आहे. घरी जाऊन करून पाहा."

महाराज तोवर पिशव्या आवरत होते. एक बाई मला म्हणाली, "मास्तरीणबाई, हे आदी काऊन नाई सांगतलं?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी मी इथंच उभी होते," मी म्हटलं. "पाणी पांढरं झालं तेव्हाच ओळखलं. दर वर्षी वर्गात करून दाखवते मी. बाबा खूप दिवसांनी हसले होते. त्यांनी मला विचारलं, आणि मी खोटं बोलले."

पपईची नळी जमिनीवर पडली होती. जिथे बाबा उभे होते त्या जागेकडे पाहून मी त्या दिवशी गिळलेलं वाक्य मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"बाबा, थे चुन्याचं पानी हाय. उद्या फोटोले चाला."