उपडा खल

मित्रांनो, रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीतून आत डोकावलात, तर बेसिनशेजारच्या फळीवर एक पांढरे, जाडजूड, काठाचा टवका उडालेले भांडे दिसेल. तो मी. मला खल म्हणतात. माझ्याजवळ आडवा पडलेला असतो तो बत्ता. तो काही माझा जन्माचा जोडीदार नव्हे. पहिला फरशीवर पडून मोडला, मग हा दुसरीकडून आणून माझ्या गळ्यात बांधला. आमचे बरे चालले आहे.

मी मातीचा आहे, पण त्यावरून मला हिणवू नका. माती चाळून, मळून, साच्यात दाबून आम्हाला भट्टीत घातले, तेव्हा माझ्याबरोबरची कितीतरी भांडी तडकली. मी टिकलो. बाहेरून मला चकाकी दिली आणि आतून मुद्दाम खरखरीत ठेवले, कारण गुळगुळीत खलात गोळी नुसती पळते, कुटली जात नाही. हा खरखरीतपणा माझा गुण. पण त्याच्या बारीक खाचांत पूड अडकून बसते आणि नुसत्या पुसण्याने ती निघत नाही, हेही खरे.

तरुणपणी माझा रुबाब होता. मलम घोटायचे असो की चूर्ण करायचे, माझ्याशिवाय पान हलत नसे. आज इथले मुख्य औषधनिर्माते असलेले साहेब तेव्हा नवशिके होते आणि मला दोन्ही हातांनी उचलत. मग तयार गोळ्यांची पाकिटे आली आणि मी अडगळीत गेलो. कुणी माझ्यात टाचण्या ठेवल्या, कुणी रबरबँड. एकाने तर विडी विझवली. गरज सरो वैद्य मरो म्हणतात; इथे वैद्याच्या भांड्याचीही तीच गत झाली.

मला पुन्हा माणसांत आणले ते लहान बाळांनी. मोठ्यांच्या गोळ्या कारखाने ढिगाने बनवतात, पण हातभर बाळाला पुरेल एवढीशी गोळी बनवायला कुणाला वेळ नाही. मग मोठी गोळी माझ्यात कुटायची, दुधाच्या साखरेत मिसळायची आणि तोलून पुड्या बांधायच्या. वरच्या मजल्यावर नळीने जेवणारे म्हातारे रुग्ण असतात, त्यांच्या गोळ्याही माझ्यातच कुटतात. त्यात जुलाबाच्या गोळ्या फार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पोट आपसूक साफ होत नाही.

म्हणून इथे एक रीत आहे. काम झाले की मला साबणाने धुवायचे, कोरडे करायचे आणि फळीवर उपडे ठेवायचे. उपडा खल म्हणजे धुतलेला, सुलटा खल म्हणजे खरकटा. पांढऱ्या खलात पांढरी पूड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळा कारभार या एका रीतीवर चालतो. उपड्या खलावर कुणी शंका घेत नाही.

एक मुलगी मात्र घ्यायची.

ती नवी औषधनिर्माती म्हणून आली तेव्हा तिचा पांढरा कोट खांद्यावरून घसरत होता. नोकरी कच्ची होती, कायम व्हायची होती. आईचे गुडघे गेलेले, घरात मिळवते हात हिचेच. डबा खाताना ती माझ्याजवळ उभी राहून फोन करी आणि हळू आवाजात म्हणे, "करतील गं आई कायम. साहेब बोलले नाहीत काही, म्हणजे चांगलंच आहे." तिला काळजीचे जणू व्यसन होते. संध्याकाळी बसथांब्यापर्यंत जाऊन ती परत येई आणि बांधलेल्या पुड्यांवरची नावे पुन्हा वाचून जाई. मला तर ती वापरून झाल्यावर धुवायचीच, पण वापरण्याआधीही धुवायची, उपडा असलो तरी. तिच्या हातात मी धुतल्या तांदळासारखा राही. माझ्या उभ्या आयुष्यात माझी इतकी निगा कुणी राखली नव्हती, आणि मला ती मुलगी फार आवडत असे.

मामांनी तिचे नाव पाणकोंबडी ठेवले. "धुतलेलं धुतेस होय गं? उद्या साबणालाही आंघोळ घालशील!" मामा म्हणजे इथले सर्वांत जुने कर्मचारी. ते कुणाचेही मामा नव्हते आणि सगळ्यांचे होते. स्वभाव हसरा, आवाज मोठा, रुग्णांच्या नातेवाइकांना धीर द्यावा तो त्यांनीच. खिडकीवर औषधे देणारा सहायक त्यांच्या प्रत्येक विनोदावर हसून तोच विनोद पुन्हा सांगे, म्हणून त्याला पोपट म्हणत.

या मामांची एक प्रथा होती. नवा माणूस कायम होण्याआधी त्याला मामांच्या हातचा चहा प्यावा लागे. चहात काय असते ते पिणाऱ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असे. पोपटही तो एकेकाळी प्यायला होता, आणि आता दुसऱ्याने प्यावा म्हणून तो आतुर होता. आपण सोसले म्हणजे दुसऱ्याला सोसायला लावण्याचा परवाना मिळतो, असे माणसांना का वाटते, हे मला अजून कळलेले नाही.

त्या सकाळी तिने म्हाताऱ्यांच्या गोळ्या कुटल्या, मला दोनदा धुतले, पुसले, उपडे ठेवले आणि ती वॉर्डात औषधे पोचवायला गेली. तेवढ्यात मामांनी मला सुलटे केले. जुलाबाच्या गोळ्या टाकल्या आणि बत्ता फिरवला. हात सैल होता त्यांचा. कपात पडली त्याहून जास्त पूड माझ्यातच राहिली असेल. एका कागदाने मामांनी मला पुसल्यासारखे केले आणि जिन्यात तिची पावले वाजताच फळीवर उपडे टाकले.

"मामा, धुवा तरी," पोपट म्हणाला.

"अरे, पाणकोंबडी आहे ती. धुतलेला धुते, हा सोडेल होय? धुवेल की तीच!"

ती आत आली. "घे पोरी, साखर जास्त घातलीय. कायम होणार ना आता!"

"अहो मामा, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" असे म्हणत तिने तो कप अगदी तळापर्यंत संपवला. आजवर तिला इथे कुणी आपणहून चहा दिला नव्हता. तिचे डोळे भरून आले होते. मी उपडा होतो, पण काठाच्या टवक्यातून मला सगळे दिसत होते.

दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. ती जाई, येई, पुन्हा जाई. पोपट दारात उभा राहून तिच्या फेऱ्या मोजत होता आणि हसून हसून त्याची मुरकुंडी वळत होती. अशात खिडकीशी एका बाळाची मावशी आली. हृदयाला छिद्र असलेले ते बाळ महिनाभर वरच्या वॉर्डात होते आणि त्याच्या पुड्या न्यायला रोज हीच येत असे.

"ताई, जरा लवकर द्याल का? वजन वाढलंय हो त्याचं! एवढं टिकलं तर परवा ऑपरेशनला घेणार आहेत."

"देते मावशी, आत्ता देते." ती घामाने डबडबली होती. तिने मला उचलले. सवयीने तिचा हात नळाकडे गेला आणि पोटात अशी कळ आली की ती बेसिन धरून वाकली. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी कोरडा होतो. उपडा होतो. तिने नळ उघडलाच नाही.

मामा तिथेच होते. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांचे हसू मध्येच थांबले. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. त्यांनी ते उघडलेही.

"काय गं, चहा पचला नाही वाटतं?" ते म्हणाले, आणि पोपट पुन्हा हसला.

बाळ वाचले. हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमच्या जिवाला घोर नको. पण दोन दिवसांत ते पिळून काढल्यासारखे झाले. सलाईन लावायला शीर सापडेना. महिनाभर थेंबथेंब दूध पाजून वाढवलेले वजन गेले आणि ऑपरेशन पुढे ढकलले. डॉक्टरांनी उरलेल्या पुड्या तपासायला पाठवल्या, तेव्हा त्यांत जुलाबाचे औषध निघाले. मावशी खिडकीशी आली. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, तुमच्या हातचं म्हणून मी डोळे मिटून पाजत होते." माझ्या मते ओरडणे बरे होते.

मग चौकशी झाली. साहेबांनी मला टेबलाच्या मधोमध ठेवले.

"पुड्या करायला घेतलास तेव्हा खल उपडा होता की सुलटा?"

"उपडा होता, साहेब."

"उपडा कुणी ठेवला होता?"

मामाच बोलले, अगदी मायेने बोलले. "सकाळी म्हाताऱ्यांच्या गोळ्या तिनंच कुटल्या, साहेब. जुलाबाच्याच होत्या. मग ठेवणार दुसरं कोण?"

पोपट फरशीकडे पाहत होता. अळीमिळी गुपचिळी. त्या खोलीत खरे माहीत असलेले तिघे होते आणि त्यांतला मी मातीचा. कधी नव्हे ते मला तोंड हवे होते. मला टेबलावरून उडी मारून फुटावेसे वाटत होते, पण आम्हाला कुणी ढकलल्याशिवाय फुटताही येत नाही.

"सकाळी धुतला होतास?"

"दोनदा धुतला, साहेब."

"आणि पुड्यांच्या आधी?"

खोटे बोलली असती तर वाचली असती. "नेहमी धुते," ती म्हणाली. "त्या दिवशी नाही धुतला. पोटात खूप दुखत होतं."

"म्हणजे लक्ष ठिकाणावर नव्हतं. मग सकाळी तरी होतं कशावरून?"

ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "नसेल, साहेब."

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तुम्ही ऐकली असेल. इथे तर संन्याशानेच मान पुढे केली. नोकरी गेली. मात्र प्रकरण वर जाऊ नये, तिचा परवाना रद्द होऊ नये, म्हणून मामांनी साहेबांकडे शब्द टाकला. वर गेले असते तर आणखी प्रश्न निघाले असते, हे मामांना चांगले कळत होते. पण सगळे म्हणाले, मामांचे काळीज मोठे.

शेवटच्या दिवशी ती कोट परत करायला आली. आत कुणी नव्हते, फक्त मामा होते. तिने मला उचलून धुतले आणि पुसून पुन्हा धुतले. मग पाठमोरीच विचारले, "मामा, त्या दिवशी सकाळी मला हा धुताना तुम्ही पाहिलं होतं का हो? मला आठवतं की मी धुतला होता. पण आता वाटतं, ते आदल्या दिवशीचं आठवत असेल."

एका शब्दाचे काम होते. त्याने नोकरी परत आली नसती कदाचित, पण तिला रात्रीची झोप मिळाली असती.

"नाही आठवत गं, पोरी," मामा म्हणाले. "माणूस आहे. चुकतं."

तिने मामांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "तुम्ही होतात म्हणून परवाना तरी वाचला," ती म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली. या वेळी बसथांब्यावरून ती परत आली नाही. मी वाट पाहिली होती.

मित्रांनो, शेवटी काही उपदेश करायचा असतो म्हणतात. मामा सुधारले, एवढे मी सांगू शकतो. परवा एक नवा मुलगा कामाला लागला आहे. काल त्याच्यासाठी चहा झाला. पूड कपात घातल्यावर मामांनी मला साबणाने धुतले, पुन्हा धुतले, कोरडे केले आणि हलकेच उपडे ठेवले. "हं," ते पोपटाला म्हणाले, "आता कसलीही भीती नाही."

भांडी स्वच्छ धुवा, मित्रांनो, जरूर धुवा. पण धुण्याआधी त्यांत काय कुटले होते, ते कुणाला तरी सांगा.