ड्रायव्हरसाहेबांच्या कमरेवरून

मित्रांनो, मी जुना आहे हे वेगळं सांगायला नको, माझ्या कडा पाहिल्या तरी कळेल. मी कमरेचा पट्टा आहे. अस्सल म्हशीच्या चामड्याचा, जड पितळी बक्कल असलेला. रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात एका अरुंद गल्लीतल्या दुकानात माझा जन्म झाला. मला घडवणारे कारागीर चष्म्यावरून बघत काम करायचे. त्यांनी माझ्या कडा मेणानं घोटल्या, ओळीत भोकं पाडली आणि समोर उभ्या असलेल्या तरुण गिऱ्हाइकाच्या हाती मला दिलं. म्हणाले, "इसको तेल पिलाते रहना बेटा. चमड़ा है, सूखेगा तो फटेगा."

तो तरुण म्हणजे भैय्यालाल रामटेके. मूळचा गोंदियाकडचा, नुकताच रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागलेला. अंगानं इतका शिडशिडीत की मी त्याच्या कमरेला विळखा घालून वर वीतभर उरायचो. पुढं तो ड्रायव्हर झाला, खांद्यावर जबाबदारी आली, तेव्हापासून मीही त्यांना अहोजाहो करू लागलो.

काय दिवस होते ते! रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांसाठी दगडी कोळसा आणि लोहखनिज भरलेल्या मालगाड्या आम्ही ओढत होतो. इंजिन सुटलं की त्याची थरथर आधी त्यांच्या पायांत, मग माझ्यात यायची. पुढं पॅसेंजर गाड्या मिळाल्या. लोक विचारायचे, "रामटेकेजी, बेल्ट कहाँ से लिया?" मी आपला ऐटीत चमकायचो. सुट्टीच्या दिवशी साहेब मला मांडीवर घेऊन खोबरेल तेल चोळायचे. इतकं प्रेमानं, की त्यांच्या पत्नी सरलाबाई म्हणायच्या, "पट्ट्याचेच लाड करा तुमी. स्वतःच्या टाचा पाहा, शेतावानी फुटून राहिल्या!"

साहेब हसून सोडून द्यायचे. मला मात्र ते पटायचं. मी स्वतः कातडी आहे, त्यामुळं कातडीचं दुखणं मला कळतं. तिला कोरडं पडू दिलं की ती तडकते, आणि घामात कुजू दिलं की सोलवटते. एवढं साधं आहे ते.

पण ड्रायव्हरचं आयुष्य साधं नसतं. जेवायची वेळ नाही, झोपायची वेळ नाही. गाडी जिथं थांबेल तिथला समोसा, ड्यूटी संपली की पोहे आणि वर गरमागरम जलेबी, आणि प्रत्येक स्टेशनवर अर्धा कप गोडमिट्ट चहा. साहेबांचं पोट हळूहळू माझ्यावर रेलू लागलं. मी एकेक भोक पुढं सरकत गेलो. भोकं संपली तेव्हा त्यांनी खिळा आणि हातोडी घेतली आणि मला स्वतःच नवी भोकं पाडली, तीही वाकडी! ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या कारागिरांनी पाहिलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारला असता.

मी जिथं बसायचो तिथली कातडी लाल होऊ लागली. तिथं खाज सुटायची, खाजवलं की जखम व्हायची आणि ती लवकर भरायची नाही. मानेची कातडी काळी, जाडसर दिसू लागली. साहेब म्हणायचे, "इंजिनाची गरमी हाय, दुसरं काही नाही." आणि वरून पावडर थापायचे. मी बोलू शकत असतो तर तेव्हाच ओरडलो असतो.

मग एक दिवस त्यांच्या मुलीनं, पायलनं, एक पुडकं आणलं. ती शंकर नगरच्या एका ऑफिसात नोकरी करते, वडिलांवर तिचा फार जीव. "पापा, ये पहन के देखो. कितना आराम है!" पुडक्यात इलास्टिकची पँट होती.

मित्रांनो, इलास्टिकबद्दल मी वाईट बोलणार नाही. स्वभावानं गोड आहे बिचारं. कोणालाच नाही म्हणत नाही. तुम्ही एक समोसा खा, नाहीतर चार खा, ते आपलं हसत हसत पसरतं. मी पडलो आडमुठा. पोटाला आत घ्या, नाहीतर लावू नका मला, असा माझा खाक्या. साहेबांनी मला लावणं सोडलं. दारामागच्या खिळ्यावर मी लटकत राहिलो. धूळ बसली, तेल मिळेनासं झालं, अंगावर बारीक चिरा पडल्या. घरात काय चाललंय ते ऐकणं एवढंच काम उरलं.

ऐकत होतो म्हणून मला साहेबांची ती खोड ठाऊक झाली. ड्रायव्हर लोकांची ठरावीक काळानं तपासणी होते. सगळे तिला मेडिकल म्हणतात. डोळे, रक्तदाब, साखर, सगळं नीट असेल तरच इंजिनावर चढता येतं. मेडिकल जवळ आलं की साहेब कारल्याचा रस सुरू करायचे, भात बंद, चहा बंद. साखर उतरायची, साहेब पास व्हायचे, आणि दवाखान्यातून परतताना जलेबीचा पुडा घेऊन यायचे!

"काहून करून राहिले असं?" सरलाबाई विचारायच्या. "डॉक्टरले फसवता का सोताले?"

"अवं, पास झालो ना? झालं मंग!"

साठी जवळ आली, तशी त्यांची शेवटची मोठी तपासणी आली. कारलं पिऊन साहेब गेले ते दुपारीच परतले. हातात पुडा नव्हता. बूट न काढताच खाटेवर बसले.

"उतरवलं मले," ते म्हणाले. "इंजिनावरून उतरवलं."

सरलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "म्हणजे?"

"त्या कौमुदी मॅडम हायेत ना, डॉक्टर, त्यांनी दुसरीच टेस्ट लावली. म्हणाल्या, भैय्यालालजी, आजची साखर तुमी कारल्यानं उतरवली, पण ही टेस्ट मागच्या तीन महिन्यांची चुगली करते. गोळ्या लिहून देल्या. वजन उतरवा म्हणे, पाय सांभाळा म्हणे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणे. तवरक ऑफिसात टेबलावर बसा."

"अन् तवाही नाही झाले पास, तर?"

साहेबांनी वाकून बुटाची नाडी सोडली. मग म्हणाले, "तर टेबलावरूनच रिटायर. सरला, माझ्या बापानं जनमभर रुळाखाली गिट्टी भरली. मी त्याच रुळावर इंजिन चालवलं. मले टेबलावरून नाही जायचं. मले इंजिनावरून उतरायचं हाय."

तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. ड्रायव्हरच्या शेवटच्या गाडीचं इंजिन झेंडूच्या माळांनी सजवतात. घरचे लोक, सोबती फलाटावर येतात, ढोल वाजतो. मेडिकलनं उतरवलेल्या माणसाला मात्र ऑफिसात एक शाल मिळते आणि तो मुकाट्यानं घरी जातो. माझ्या साहेबांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होतं, आणि खिळ्यावरून ते पुसायची मला काही सोय नव्हती.

डॉक्टरबाईंनी वजनासोबत कमरेचा घेरही मोजायला सांगितला होता. पायलला घरात टेप सापडेना. तेव्हा सरलाबाई तरातरा दारामागं आल्या आणि मला खिळ्यावरून काढलं. "हा सांगन खरं. याले खोटं बोलता येत नाही."

साहेबांनी मला कमरेभोवती घेतलं. मित्रांनो, मी पोचलो नाही. बक्कल इकडं, भोकं तिकडं, मध्ये हातभर पोट. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. सरलाबाईंनी त्याच दिवशी मला तेल चोळून मऊ केलं आणि तेलाची बाटली साहेबांच्या पुढ्यात आदळली. "झालं याचं. आता तुमच्या टाचा."

तिथून आमच्या घराची तऱ्हाच बदलली. रोज झोपताना साहेब पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून टाचांना तेल लावू लागले. पायांना कुठं कापलंय, कुठं फोड आलाय, हे सरलाबाई वाकून स्वतः पाहायच्या, कारण साखरेमुळं साहेबांच्या तळव्यांना नीट जाणवत नव्हतं. कमरेवरच्या लाल चट्ट्यांसाठी डॉक्टरांनी दिलेलं मलम ते नेमानं लावत होते आणि पावडरचा डबा पायलनं फेकून दिला. ताटातला भाताचा डोंगर ओसरला, त्याच्या जागी कोदोच्या भरडधान्याचा मूठभर भात, ज्वारीची भाकर, ढीगभर भाजी. गोळ्या वेळेवर. आणि सकाळी तेलीबांधा तळ्याभोवती दोघांची फेरी, तिच्या गमती मी ते परतल्यावर ऐकायचो. आधी साहेब पुढं आणि सरलाबाई मागं धापा टाकत. "थांबा ना जी! मी का इंजिन हाय का?" अशी हाक ऐकू आली की साहेब थांबायचे. तो थांबण्याचा बहाणा दोघांनाही हवाच असायचा.

दर रविवारी माझी पाळी. पहिले काही रविवार मी नुसता शिणलो. मग एका रविवारी बक्कल पलीकडं टेकलं. सर्वांत बाहेरच्या, त्या वाकड्या भोकात काटा गेला! पायलनं टाळ्या वाजवल्या. मला तर वाटलं मी पुन्हा नवा झालो.

पण पुढं गाडी अडली. एक रविवार गेला, दुसरा गेला, मी जागचा हलेना. साहेब चिडचिडे झाले. ऑफिसात कोणाच्या तरी निरोप समारंभाचे समोसे आले होते ते न खाता परतले होते, त्याचा राग बहुधा सगळा माझ्यावर. मला खाटेवर फेकून म्हणाले, "बस्स झालं. पंधरा दिवस राहिले. उद्यापासून कारलं सुरू करतो, जेवण बंद."

पायल म्हणाली, "पापा, इस बार चीटिंग नहीं."

"पोट्टी, तुले काय समजते त्याच्यातलं?"

तेव्हा सरलाबाई उठल्या. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तिले नसन समजत, मले समजते. मागच्या बारी उपाशी राहून न्हाणीत चक्कर येऊन पडले होते, मीच उचललं. तेच इंजिनात झालं असतं तं? तुमच्या मागं गाडीभर लोकं असतात. लेकरं असतात. त्यांचं काय? तुमाले माळा पायजेत. मले तुमी पायजे!"

साहेबांनी मला उचललं, हातानं झटकलं, घडी करून उशीपाशी ठेवलं. मग स्वयंपाकघराकडं पाहून म्हणाले, "भाकर हाय का?"

"हाय."

"दे मंग."

कारलं आलं नाही. फेऱ्या चालू राहिल्या, जेवण वेळेवर चालू राहिलं. आणि नंतरच्या रविवारी मी सरकलो. एकदम एक भोक आत!

तपासणीच्या दिवशी साहेबांनी मला लावलं. किती वर्षांनी मी त्या दवाखान्यात गेलो! कौमुदी मॅडमनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला, मग चष्मा काढला. "भैय्यालालजी, या वेळी चुगली तुमच्याच बाजूनं आहे. फिट. चढा इंजिनावर." साहेबांनी छाती भरून श्वास घेतला, आणि बक्कल सैल असल्यामुळं मला मुळीच ताण पडला नाही.

शेवटची गाडी गोंदियाहून रायपूरची होती. इंजिनाच्या कपाळावर झेंडूच्या माळा, केबिनमध्ये साहेब ताठ उभे आणि मी त्यांच्या कमरेला. डोंगरगडला प्रज्ञागिरी टेकडीवरची बुद्धमूर्ती उन्हात दिसली. साहेबांनी हात जोडले नाहीत, कारण हात कामात होते. नुसती मान लववली. राजनांदगाव गेलं, दुर्ग गेलं. रायपूरच्या फलाटावर गाडी त्यांनी अशी अलगद लावली की डब्यात कोणाचा चहासुद्धा हिंदकळला नसेल. बाहेर ढोल वाजत होता. सरलाबाई नवी पैठणी नेसून उभ्या होत्या, पायल रडत आणि हसत होती. साहेब शिडीवरून एकटेच, कोणाचा हात न धरता खाली उतरले. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि मी त्या गर्दीत इतका अभिमानानं आवळून बसलो की विचारू नका.

मला वाटलं होतं, आता सारं संपलं. नोकरी संपली, तपासणी संपली, आता दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जलेबी आणि मी पुन्हा खिळ्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नेहमीच्याच वेळी उठले. तळवे पाहिले, मोजे चढवले, बूट बांधले. मला हातात घेऊन हाक मारली, "सरला, चाल."

सरलाबाई पांघरुणातून म्हणाल्या, "आता काहून? आता कोण तपासते तुमाले?"

साहेब म्हणाले, "मी."

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच. मोठी परीक्षा तीच असते, जी कोणी घेत नाही. शरीराला आठवडाभर फसवता येतं, वर्षानुवर्षं नाही. तुमच्या घरी आजोबा असतील, आजी असेल, तर त्यांच्या पोटाला हसू नका. त्यांचे पाय एकदा नीट पाहा, टाचांना तेल चोळून द्या आणि हात धरून फिरायला न्या. आणि तुम्हीसुद्धा आतापासूनच आपल्या कातडीची, आपल्या अंगाची कदर करा, कारण ती दुकानात जाऊन बदलून मिळत नाही.

बरं, मला निघायला हवं. सरलाबाई बूट घालून दारात उभ्या आहेत आणि आज त्या साहेबांच्या पुढं चालणार म्हणून सांगत आहेत.