दोनशे एक ग्रेन

आर्डिथ टॉर्गर्सनच्या स्वयंपाकघरात, सिंकच्या वरच्या खिडकीत, लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत एक गोळी ठेवलेली होती. रायफलीची. पुढून अळंबीसारखी फुललेली, मागून शाबूत. भांडी घासताना ती रोज नजरेस पडायची, आणि पडावी म्हणूनच आर्डिथनं ती तिथं ठेवली होती. नवरा वेंडल म्हणायचा, "अगं, टाकून दे ती. कशाला जिवाला लावून घेतेस?" त्याला काय जातंय म्हणायला!

झालं होतं असं. मागच्या ऑक्टोबरात, हंगामाच्या पहिल्याच शनिवारी, नवरा-बायको वरच्या कुरणाच्या कडेला दबा धरून बसले होते. समोर दोनशे वारांवर दोन एल्क माद्या, आपल्या सांबराहून थोराड जनावरं, जवळजवळ एकमेकींना खेटून. डावी आर्डिथची, उजवी वेंडलची, असं ठरलं. लग्न झाल्यापासूनची त्यांची रीतच होती ती. वेंडलनं हळूच 'एक, दोन, तीन' म्हणायचं आणि दोघांनी एकदम चाप ओढायचा, म्हणजे एकीच्या बारानं दुसरी उधळायला नको. तसंच केलं. दोन बार एकात एक मिसळले. उजवी मादी उड्या मारत पसार झाली. डावी मागच्या मागं बसली, धडपडत उठली आणि एक पाय फरफटत झाडीत शिरली.

"माझी वरून गेली," वेंडल म्हणाला. "तुझी लागलीय, पण पार मागं लागलीय. चाप झटकलास तू."

दोन दिवस माग काढला. दुसऱ्या दुपारी बर्फ पडलं, रक्ताचे थेंब झाकले गेले आणि विषय संपला. वेंडलचा संपला. आर्डिथचा कसला संपतोय! एप्रिलमध्ये गळालेली शिंगं वेचायला सगळा गाव डोंगरात फिरतो तशी तीही फिरत होती, तेव्हा ओढ्याकाठी तिला सांगाडा सापडला. मागच्या खुब्याच्या हाडात ही गोळी रुतलेली. म्हणजे बिचारी तीन पायांवर दोन मैल चालली होती. आर्डिथ तिथंच दगडावर बसून ढसाढसा रडली.

मग डोळे पुसले आणि विचार करायला लागली, कारण तिचा स्वभावच तसा. ती शाळेची बस चालवायची. गाडीत कुठं खट् वाजलं की ते कुठून वाजलं हे हुडकल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. नेम धरला खांद्यामागं, लागली खुब्यात. चार फुटांची चूक! ही चूक काडतुसाची की आपली? तिनं मनाशी पक्कं केलं, हे कळेपर्यंत शिकारीला जायचं नाही. कळलंच नाही तर कधीच नाही. बापानं बारा वर्षांची असताना हातात रायफल दिली होती, तेव्हापासून चाळीस हंगाम तिनं एकही चुकवला नव्हता. आणि आता हंगाम चार दिवसांवर आला होता, परवाना खणात पडून होता, आणि उत्तराचा पत्ता नव्हता.

विचारायचं बाकी कुणाला ठेवलं नव्हतं तिनं. एल्कसारख्या थोराड जनावराला कुठलं काडतूस लागतं यावर त्या गावात शेंबडं पोरसुद्धा तासभर बोलेल. पोस्टमन म्हणाला, बारीक आणि वेगवान गोळी घे. दातांचा डॉक्टर तिचा जबडा उघडा ठेवून म्हणाला, जाड आणि जड घे. पाद्रीबुवांनी तर चर्चच्या पायऱ्यांवर पेन्सिलीनं आलेख काढून दाखवला. सगळ्यांचं ऐकलं की सगळंच पटायचं, घरी आलं की बाटलीतली गोळी तशीच.

वेंडलचं मत तर जगजाहीर. जितकी मोठी तितकी बरी! रायफलीचा आकडा म्हणजे तिच्या नळीच्या भोकाचं माप, आकडा मोठा तितकी गोळी जाड. त्याची स्वतःची रायफल तीन-अडतीस, म्हणजे ३३८, मॅग्नम, उडाली की खिडक्यांच्या काचा हलाव्यात अशी. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोला त्यानं काय द्यावं? तीनशे मॅग्नम. तोपर्यंत ती बापाची जुनी दोन-सत्तर वापरायची. वेंडल तिला काठी म्हणायचा. "ती काठी ठेव कपाटात, आर्डी. हरणांना ठीक आहे." काठी कपाटात गेली.

शेवटी मंगळवारी, बस लावून झाल्यावर, आर्डिथ बाटली घेऊन लायल बुशार्डच्या दुकानात गेली. लायल म्हणजे ऐंशीचा म्हातारा. बंदुका विकायचा, दुरुस्त करायचा, आणि कुणी प्रश्न विचारला की उत्तराऐवजी उलटा प्रश्न विचारायचा. तिच्या बापाचा दोस्त.

"लायल, सरळ सांगा. एल्कला कुठलं काडतूस घेऊ?"

"कुणी उडवायचंय?"

"मी, आणखी कोण!"

"मग एल्कला कशाला विचारतेस? बाटलीत काय आणलंयस?"

तिनं सगळं सांगितलं. लायलनं गोळी तळहातावर घेतली, उलटीपालटी केली. "फुललीय तर मस्त. आत जाऊन किती उरली ते बघू, म्हणजे गोळी बरी होती की नाही ते कळेल. तुझ्या तीनशेत कितीची होती?"

"एकशेऐंशीची. वेंडलच आणतो."

सोनार गुंजा मोजतो तशी ही माणसं गोळी ग्रेनमध्ये मोजतात. काडतुसं भरणाऱ्याकडं त्यासाठी इवलासा काटा असतो. लायलनं गोळी पारड्यात टाकली. "हाडात शिरली म्हणजे झिजली असणार. दीडशे, फार तर एकशेसाठ उरली असेल."

काटा थांबला. लायल काट्यावर वाकला. गोळी उचलली, सदऱ्याला पुसली, पारडं पुसलं, परत ठेवली.

"काय झालं?"

"दोनशे एक."

"म्हणजे?"

"पोरी, एकशेऐंशीची गोळी हाडात जाऊन वजन वाढवून येत नाही. पोटभर जेवली का ती तिथं?" त्यानं खण उघडला, एक कोरी गोळी काढली आणि दोघींचे बुडखे शेजारी शेजारी धरले. सारखेच जाड. "ही तीन-अडतीसची. सव्वादोनशे ग्रेन. बाटलीतली ती गोळी तुझ्या तीनशेच्या नळीत शिरायचीच नाही. त्या दिवशी डोंगरावर तीन-अडतीस कुणाकडं होती?"

कुणाकडं होती ते दोघांनाही ठाऊक होतं.

आर्डिथनं काउंटर घट्ट धरला. "म्हणजे माझी गोळी तिला लागलीच नाही?"

"केसालासुद्धा नाही."

"चुकला! लायल, माझा नेम साफ चुकला!" आणि ती हसायला लागली. नेम चुकला म्हणून एवढं खूश झालेलं गिऱ्हाईक लायलनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. पण हसता हसताच ती भडकली. "सहा महिने, लायल! सहा महिने मी हिच्याकडं बघत भांडी घासतेय. आणि तो मेला चारचौघांत सांगत सुटलाय, आर्डीनं चाप झटकला म्हणून! मुद्दाम केलं त्यानं?"

"छे. माहीत असतं तर तुला टाकायला सांगत बसला असता का? स्वतःच नसती फेकून दिली?"

हे तिला पटलं. राग गेला नाही, पण पटलं. आणि रागाच्या खालून तो जुना प्रश्न परत डोकं वर काढायला लागला. "मग माझी गेली कुठं? आणि उजव्या मादीवर धरलेली त्याची डाव्या मादीच्या खुब्यात कशी आली?"

"आता शहाण्यासारखं विचारलंस," लायल म्हणाला. "गुरुवारी दुपारी खडीच्या खाणीवर ये. तुझी तीनशे, बापाची दोन-सत्तर आणि नवरा, तिन्ही घेऊन ये. त्याला म्हणावं, तुझ्यासाठी काडतूस ठरवायचंय, त्याचीही रायफल लागेल. बाकी तोंडातून चकार शब्द काढू नकोस."

दोन दिवस गप्प बसणं म्हणजे काय, ते आर्डिथलाच ठाऊक. बुधवारी तिनं वेंडलच्या रस्स्यात दोनदा मीठ घातलं.

गुरुवारी खाणीवर वारा नव्हता, ऊन होतं. लायलनं फळीवर वाळूच्या पिशव्या मांडल्या आणि शंभर वारांवर कागद लावला. त्याच्याकडं दोन प्रकारची काडतुसं होती. काही खरी, काही मुकी, म्हणजे दिसायला तशीच पण आत दारूचा कण नाही. रायफल तो भरणार, उडवणाऱ्यानं बघायचं नाही.

आधी तीनशे. पहिला बार धडाम् झाला. दुसऱ्यांदा आर्डिथनं चाप ओढला आणि नुसतं 'टक्' वाजलं. बार झालाच नाही, तरी नळीनं खाली डुबकी मारली, डोळे गच्च मिटले गेले आणि खांदा पुढं आला. तिचं तिलाच दिसलं ते. अरे देवा, हे मी दर वेळी करते?

वेंडल गाडीला टेकून खदखदून हसला. "बघ! मी काय म्हणत होतो? झटकतेस तू!"

"झटकते," आर्डिथ दात आवळून म्हणाली.

"खांद्याला मार कळलाय," लायल म्हणाला. "बार व्हायच्या आधीच तो तयारीला लागतो. आता बापाची घे."

दोन-सत्तरचा दस्ता गालाला लागला आणि आर्डिथला आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. खरं, खरं, मुकं, खरं, मुकं. मुक्या काडतुसावर रायफल जागची हललीसुद्धा नाही. कागदावर तीन भोकं, तळहाताखाली झाकावीत इतकी जवळ.

"ठीक आहे, ठीक आहे," वेंडल म्हणाला. "पण एवढ्याशा गोळीनं एल्क पडते का?"

"फुप्फुसातून गेली तर पडते. खुब्यातून गेली तर तोफेनं पण पडत नाही. चल, आता तू ये."

"मी? मी कशाला? मी चाळीस वर्षं—"

"मग काय, मिनिटभराचं काम."

वेंडल ऐटीत बसला. लायलनं पाठमोरा होऊन रायफल भरली आणि त्याच्या हातात दिली. चाप. टक्. आणि त्या तीन-अडतीसची नळी अशी काही खाली आणि डावीकडं गेली की वाळूची पिशवी फळीवरून पडली. कुणी हसलं नाही. लायलनं पिशवी जागेवर ठेवली, परत भरली. या वेळी खरं होतं. खाण दणाणली, कागद कोराच राहिला, धूळ उडाली ती खाली डावीकडं. तिसऱ्यांदा परत मुकं. परत डुबकी, खाली आणि डावीकडं.

"परत भरा," वेंडल म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "नको."

त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "कधीपासून हे?"

"ही तोफ घेतलीस तेव्हापासून असणार," लायल म्हणाला. "बार झाला की सगळं त्याखाली झाकलं जातं. मुक्या काडतुसावरच कळतं."

आर्डिथनं घरून निघताना ठरवलं होतं की ती गोळी त्याच्या तोंडावर फेकायची. काय काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. पण त्याचं ते तोंड बघितलं आणि तिनं नुसता त्याचा हात उलटा केला, तळव्यावर गोळी ठेवली.

"दोनशे एक ग्रेन," ती म्हणाली. "लायलनी दोनदा मोजलीय."

"तुझी तर एकशेऐंशी..." वेंडल थांबला. चाळीस वर्षं काडतुसांत काढलेला माणूस, त्याला आणखी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं कोऱ्या कागदाकडं बघितलं, मग खालच्या धुळीकडं. "डावीकडं आणि खाली," तो स्वतःशीच म्हणाला आणि गाडीच्या फळक्यावर जाऊन बसला.

"सहा महिने तू ही बघत होतीस," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी टाक म्हणत होतो."

"आणि मी चाप झटकला असंही म्हणत होतास. जेवताना. चर्चबाहेर. माझ्या बहिणीसमोर."

"म्हणालो," वेंडल म्हणाला. सबब काही सांगितली नाही त्यानं. गोळी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरचं बटण लावलं. "माझी आहे ही, आर्डी. आता माझ्याकडं राहू दे."

शनिवारी सकाळी दोघं परत त्याच कुरणाच्या कडेला बसले. लायलनं वेंडलला आपली एक दोन-सत्तर उसनी दिली होती. उजाडल्यावर तासाभरानं दोन माद्या चरत चरत उघड्यावर आल्या, दीडशे वारांवर. या वेळी कुणी 'एक, दोन, तीन' म्हटलं नाही. आर्डिथनं श्वास सोडला, चाप दाबला आणि बार झाला तेव्हा तिचे डोळे उघडे होते. खांद्यामागं केस उडालेले तिनं रायफलीवरच्या दुर्बिणीतून स्वतः पाहिले. निदान गेली काही वर्षं तरी तिनं हे पाहिलंच नव्हतं! मादी दहा पावलं गेली आणि आडवी झाली.

दुसरी पळाली नाही. बुजली, वळली आणि पूर्ण बाजू देऊन उभी राहिली. वेंडलचा स्वतःचा परवाना त्याच्या खिशात होता. त्यानं रायफल उचलली, गाल टेकवला, सुरक्षेची कळ सरकवली. आर्डिथ त्याच्या बोटाकडं बघत राहिली. बोट चापावर होतं. मग ते निघालं, कळ मागं आली आणि नळी खाली झाली. मादी निवांत झाडीत निघून गेली.

"का रे?" आर्डिथनं विचारलं.

"लायलनी आधी कागदावर शंभर बार कर म्हटलंय. माझे वीसच झालेत." त्यानं सदऱ्याच्या खिशातली गोळी चाचपली, सुरी आणि दोर घेतला आणि तिच्या एल्ककडं चालू लागला.